मंडईचा पाहुणा

देवरीत परवडेल अशा भाड्यात दुसरी खोली शोधून सापडत नव्हती, म्हणून मंदाबाईने या पोपडे सुटलेल्या खोलीलाच घर मानलं होतं. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेसाठी तिने पदरचे पैसे घालून भिंती रंगवायला काढल्या, तसा नवरा कुरकुरला, "दुसऱ्याच्या भिंती कायले रंगवून राहिली वो?"

"चार पाहुणे येतीन मंडईले. पोपडे दाखवू का त्याईले?"

मंडईच्या दिवशी घरमालकच एका अनोळखी साहेबाला घेऊन दारात उभा राहिला. मालकाने आपल्याकडे पाहुणा आणला, या आनंदात मंदाबाईने गरम वडे वाढले. साहेबाने चवीने खाल्ले, हात पुसले, भिंती न्याहाळल्या.

 

मग मालकाला म्हणाला, "कमरा तो बढिया है. खाली कब होगा?"