अख्खं यंत्र

भंगारवाल्याने घण उचलला, तशी आत्या स्टूल ओढून छपाईयंत्राला पाठ टेकून बसली. न्यायचं तर अख्खं न्या, म्हणाली.

पायाने चालवायचं ते यंत्र वजनाला टनभर होतं. वाटणीत तिच्या वडिलांनी दुकानाची जागा मुलाला दिली होती आणि यंत्र मुलीला. तेव्हा सगळ्यांना ही वाटणी विनोदी वाटली होती. मुलीने मात्र त्यावर पावत्या आणि हँडबिलं छापत आयुष्य काढलं. आता भाच्याला तिथे मोबाइलच्या कव्हरांचं दुकान थाटायचं होतं. यंत्राचा फोटो काढून तो फ्रेम करून देईन, असं त्याने आत्याला कबूल केलं होतं. फोटो हलका असतो.

यंत्र दुसरीकडे हलवता येईल का, हे विचारायला आत्या एका वाहतूकदाराकडेही जाऊन आली होती. तिने साठवलेली रक्कम ऐकून तो हसला. एवढ्या पैशांत क्रेन नाही, ट्रक नाही, फार तर उतरवून मिळेल, म्हणाला. आत्याही हसली. तिचं हसणं घरात कुणी मनावर घेत नसे. दुसऱ्याच दिवशी तिने भंगारवाल्याला बोलावलं, तेव्हा भाच्याने सुटकेचा नि:श्वास टाकला.

तुकडे केले तर टेम्पोतून जाईल, असं भाच्याने समजावून पाहिलं. तुकडे वाटेत कमी होतात, असं आत्याचं मत पडलं. भंगारवाल्याचा चेहरा उतरला, पण फार नाही; त्याला सवय होती. वर आत्याची दुसरी अट : वजन शहराबाहेरच्या नव्या काट्यावरच करायचं, आणि ती स्वतः ट्रकमध्ये बसून येणार. म्हातारी माणसं संशयी होतात, म्हणत भाच्याने डोळ्यांनीच माफी मागितली. भंगारवाल्याने भाव आधीच इतका पाडून ठेवला होता, की आता नाही म्हणणं त्याच्या जिवावर आलं.

"पण एक सांगून ठेवतो, आत्याबाई," तो म्हणाला. "वजन होऊन पैसे हातात पडेपर्यंत माल तुमचा. वाटेत काही मोडलं तर माझ्याकडे बघायचं नाही."

"चारचौघांत बोललात ते बरं केलंत."

हमालांनी पाइपांवरून यंत्र सरकवलं, साखळीला टांगलं, शिव्या घालत ट्रकमध्ये चढवलं. ट्रक, हमाल, डिझेल, सगळं भंगारवाल्याचं. वाटेत खड्डा आला की आत्या डोळे मिटून घ्यायची.

काट्याशेजारी एक पत्र्याची शेड होती. शटर उघडं. आत ताजी सिमेंटची जमीन, आणि भिंतीशी कागदाची रिमं रचलेली. ट्रक काट्याकडे वळायला लागला, तसा आत्याने ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला.

"काट्यावर नको. शेडकडे मागे घे."

भंगारवाला मोटरसायकलवरून उतरून धावत आला. हा काय प्रकार, म्हणाला.

"माल अजून माझाच आहे ना?"

भंगारवाल्याने हमालांकडे पाहिलं. हमाल आभाळाकडे पाहत होते. मग त्याने ट्रकभाडं काढलं, डिझेल काढलं, चढवणावळ काढली. आत्याने सगळं ऐकून घेतलं. पदराची गाठ सोडली आणि पैसे भंगारवाल्याला ओलांडून थेट हमालांच्या हातावर ठेवले.

"माझ्याकडे उतरवण्यापुरतेच आहेत," ती म्हणाली. "उतरवा."