सासूबाईंचा घाट

आइसलंडमधल्या रेक्याविकचा ओर्री बायको, चार दिवसांची लेक आणि न्यायला आलेल्या सासूबाईंना घेऊन जीपने सासुरवाडीला निघाला. बर्फाळ घाट जीप सरसर चढली. "बघितलंत? चारही चाकं ओढतायत!" तो फुशारला. शेजारी बसलेल्या सासूबाईंनी तीस हिवाळे याच घाटात बर्फ काढायची गाडी चालवली होती. "चढायला ठीक, जावईबापू. थांबायला साध्या गाडीलाही चारच चाकं असतात," त्या म्हणाल्या. उतारावर वळण आलं, खाली खोल खाडी. ओर्रीने ब्रेक दाबला. चाकं थांबली, जीप कड्याकडे घसरतच राहिली. "ब्रेक सोडा!" सासूबाई ओरडल्या. "आई, खाली पाणी आहे!" "सोडा म्हणते ना! चाकं फिरली तरच वळतील." त्याने पाय उचलला. चारही चाकं फिरू लागली, बर्फावर पकड बसली आणि जीप शहाण्या घोड्यासारखी वळली. त्याने शेजारी पाहिलं. सासूबाईंनीही उजवा पाय हवेत उचलून धरला होता.