दुपारची लाँच

टेकडीवर चढल्यावर कोंडिबाच्या मोबाइलला रेंज आली आणि भाच्याचा रेकॉर्ड केलेला निरोप ऐकू आला, “मामा, आईनं अंथरूण धरलंय. सारखं तुमचं नाव घेतेय. लवकर या.” वाचता येत नसल्यानं निरोप कोणत्या दिवशीचा, ते त्याला कळलं नाही.

धावत खाली येऊन त्याने धरणापलीकडे जाणारी लाँच गाठली, पुढे वडापची जीप. बहिणीच्या दारात पोचेस्तोवर दिवस कलला होता.

भाचा बाहेर आला. त्याचं डोकं भादरलेलं होतं.

“परवाच गेली, मामा. लोक थांबायला तयार नव्हते. तरी दुपारच्या लाँचची वेळ टळेपर्यंत मी कुणाला उचलू दिलं नाही.”

कोंडिबा ओट्यावर बसला. परवा ती लाँच सुटली तेव्हा तो धक्क्यावरच होता. शेजाऱ्याची गोणी वर चढवून तो निवांत घरी जेवायला गेला होता.