कचरापेटीतला बांध

“मानसिंगनंच उडवला!” भोरच्या मोबाईल दुकानात काउंटरवर फोन ठेवत गोरख म्हणाला. “उद्या बांधाची मोजणी हाय आन् आज हद्दीच्या दगडाचा फोटू गायब. वर क्लाऊडमदी असंल, तर तेवढा परत आणून द्या.”

मानसिंग म्हणजे गोरखचा चुलतभाऊ आणि बांधापलीकडच्या वावराचा मालक. त्यानं स्वतःच्या घरी बसून गोरखच्या फोनमधला फोटो पुसला, याचं दुकानदार स्वरूपला नवल वाटलं नाही. ती सोय स्वरूपनंच करून ठेवली होती. गोरखच्या गावच्या, म्हणजे हिर्डोशीच्या, गिऱ्हाइकांच्या ध्यानात पासवर्ड राहत नाही, म्हणून त्यानं सगळ्यांच्या फोनात एकच ईमेल घातला होता. तेव्हापासून कुणाच्याही घरचं बारसं गावभर दिसे, आणि कुणीही कुणाची म्हैस पुसू शके. तक्रार एकही आली नव्हती. गावाला वाटायचं, फोन असेच असतात.

बाहेर बाकावर गोरखचे वडील, गेनूआबा बसले होते. “दगूड पयल्यापासनं हाय तितंच हाय,” ते रस्त्याकडं बघत म्हणाले. “फोटू कशाला लागतोय?”

“आबा, तुमी गप बसा. तुमच्या शब्दावर म्या मानसिंगशी वाकडं घेतलं, त्याच्या पोरीच्या लग्नालाबी गेलो न्हाई. सरकारी माणूस शब्दावर मोजत न्हाई.”

स्वरूपनं क्लाऊडची कचरापेटी उघडली. अख्ख्या गावाचं खातं, पण पेटीत फोटो दोनच.

“हे कुणीतरी निवडून टाकलेत,” तो म्हणाला. “एकाच वेळी.”

पहिला गोरखचाच होता. बांध आणि बांधावर दगड. गोरखनं श्वास सोडला.

दुसरा, गावभरच्या फोटोंच्या ढिगात गोरखला कधीच न दिसलेला, टेम्पोच्या खिडकीतून काढलेला होता. कोपऱ्यातल्या आरशात मानसिंगचं अर्धं तोंड आलं होतं. समोर वावरात गेनूआबा होते. तोच दगड दोन्ही हातांनी पोटाशी धरून ते मानसिंगच्या हद्दीत चांगलेच आत शिरले होते.

गोरखनं फोटो मोठा केला. मग आणखी मोठा केला. आबा तेच राहिले, फक्त मोठे दिसायला लागले.

“ह्यो दावला असता तर उद्या त्योच जिकला असता,” गोरख हळू म्हणाला. “मग उडवला कशापायी?”

“ते फोन सांगत नाही.” स्वरूपचं बोट बटणावर होतं. “बोला, कुठला आणू? पहिला, की दोन्ही?”

“पयलाच आणला तर?”

“दुसरा काही दिवसांनी आपोआप जाईल. कायमचा. कुणाला कळणारही नाही.”

 गोरखनं फोन स्वरूपच्या हातातून काढून घेतला.

“ऱ्हाऊ द्या.”

“कुठला?”

“दोनी.”

तो बाहेर येऊन बाकावर आबांशेजारी बसला. स्टँडातून एक एसटी वळली आणि धुरळा उडवून गेली.

“घावला का फोटू?” आबांनी विचारलं.

“घावला.” गोरख धुरळ्याकडं बघत होता. “आबा, आपली पहार घरी हाय, का कुणी मागून नेलीय?”

आबांनी पोराच्या तोंडाकडं पाहिलं.

“तुला एकट्याला न्हाई हलायचा त्यो,” ते म्हणाले. “माजी कंबर त्यातच गेली.”