आप्पांच्या हातातला रिमोट

रक्षिता गेम खेळायची आणि तिचे आप्पा तो पिक्चर समजून थेटरातल्यागत ओरडत बघायचे. आज पडद्यावर एक बाप दारात बंदूक रोखून उभा होता. समोर लेक आणि वैऱ्याच्या टोळीतला तिचा प्रियकर. “सोड की पोरीला, मर्दा!” आप्पा गरजले. बाप हलेना. “आडाकलं व्हय गं?” “न्हाय आप्पा, आता तुम्ही ठरवायचं. लाल दाबलं तर गोळी, हिरवं दाबलं तर वाट मोकळी.” तिनं रिमोट त्यांच्या हातात दिला. कालच तिच्या तोंडून तिच्या माधवचं नाव ऐकून त्यांनी बजावलं होतं, “उंबरा ओलांडलास तर तंगडं तोडीन.” तिची भरलेली बॅग पलंगाखाली होती. बाहेर माधवनं हॉर्न वाजवला, तशी रक्षिताची नजर पलंगाखाली गेली. आप्पांचा अंगठा थबकला. त्यांनी वाकून पलंगाखाली बघितलं. आप्पांनी हिरवं दाबलं. “त्याला सांग, हॉर्न नगं वाजवू. आत ये म्हणावं.”