अंगठ्याखालचा ठोका

काठी फरशीवर पडली, खडखडत कपाटापर्यंत गेली, आणि एवढा वेळ शांत असलेलं घर दचकलं.

ती ओले हात तसेच घेऊन स्वयंपाकघरातून धावली. बाबा पलंगाच्या काठावर बसले होते. ऑपरेशनचा पाय त्यांनी दोन्ही हातांत धरला होता, शेजाऱ्याची वस्तू सांभाळायला घ्यावी तसा.

"काही नाही गं, पाय झोपलाय. शिंप्याच्या पायाखाली मशीन नसलं की त्याला झोपच येते."

"सकाळी तर चांगला पळत होता!" ती म्हणाली.

सकाळीच तिने नाडी बघितली होती. पायाची रक्तवाहिनी बुजली, म्हणून डॉक्टरांनी बाबांच्याच मांडीतली शीर काढून वळसा घालून जोडली होती. "आपल्याच कापडाचं ठिगळ," बाबा आल्यागेल्याला सांगत, "रंग जायचा नाही." ती शीर बुजू नये म्हणून बाबांची सिगारेट सुटली होती, गोळ्या चालू होत्या, आणि रोज पावलावर नाडी बघायची होती. ठोका लागला नाही, तर तडक हॉस्पिटल गाठायचं. नाडीचं काम तिच्याकडे होतं. एका हाताने आपल्या लेकीच्या, गुंडीच्या, तोंडात घास, दुसऱ्या हाताचा अंगठा बाबांच्या पावलावर.

"काय म्हणतोय पाय?" बाबा विचारायचे.

"घोड्यासारखा पळतोय."

दारावरची बेल वाजली. हॉस्पिटलच्या सिस्टर आल्या होत्या, आठवड्याच्या तपासणीला. गुंडी लगेच पलंगावर चढून बसली. सिस्टरच्या पिशवीतलं ते छोटं यंत्र तिला फार आवडायचं. त्याची पेनसारखी नळी आजोबांच्या पावलावर टेकवली, की आतलं रक्त गाणं म्हणायचं.

आज नुसती खरखर आली.

सिस्टरनी नळी जरा सरकवली. खरखर. दुसऱ्या पावलावर ठेवली, तिथे गाणं लागलं. पुन्हा पहिल्यावर आणली. खरखर.

"बिघडलं?" गुंडीने विचारलं.

सिस्टरनी पाऊल तळहातावर घेतलं. "पाय गार पडलाय. कधीपासून दुखतंय, आजोबा?"

बाबांनी लेकीकडे बघितलं नाही. "आहे थोडंफार," ते म्हणाले.

परवाच ते म्हणाले होते, पोटरीत कळ येतेय, आज चालणं राहू दे. तिने नाडी बघितली होती आणि वर फणकारली होती, "पाय घोड्यासारखा पळतोय, आणि म्हणे कळ! आळस आहे नुसता. उठा बघू." दंडाला धरून त्यांना कोपऱ्यापर्यंत नेऊन आणलं होतं. परतताना ते दोनदा थांबले होते. तिने घड्याळात बघितलं होतं.

"ताई, नाडी बघत होतात ना?"

"रोज! एक दिवस चुकले नाही."

"कशी बघता? दाखवा."

तिने अंगठा पावलावर दाबला. क्षणभर काहीच नाही. मग ठोका आला, मग दुसरा, चांगला जोरात. तिचा जीव भांड्यात पडला.

"लागतोय! सिस्टर, लागतोय की!"

 सिस्टरनी वाकून पडलेली काठी उचलली, तिचा अंगठा धरून काठीच्या मुठीवर टेकवला आणि वरून दाबला.

"आता?"

काठीतही ठोका होता. तसाच. घोड्यासारखा.

"अंगठ्याची स्वतःची नाडी असते, ताई. बोटांनी बघायची, अंगठ्याने नाही. डिस्चार्जच्या दिवशी दाखवलं होतं तुम्हाला."

दाखवलं होतं. तेव्हा गुंडी कडेवर हातपाय झाडत होती, बाहेर रिक्षा थांबली होती, आणि ती मान हलवत म्हणत होती, "कळलं, कळलं."

सिस्टर फोनवर बोलू लागल्या. गाडी मागवली. बाबांनी विचारलं, "शिवण उसवली का हो?"

"उसवली नाही, आजोबा. शीर बुजलीय. बंद पडून फार वेळ झाला नसेल, तर उघडता येते. चला, आवरा लवकर."

ती खाली बसली. बाबांचा मोजा हातात घेतला, पण तो सरळ कसा धरायचा तेच तिला सुचेना. बाबांनी परवाचं अक्षरही काढलं नाही. उलट पाऊल तिच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "घाई नको गं. टाच नीट येऊ दे."

गुंडीने काठी मांडीवर घेतली होती. मुठीवर आपला इवलासा अंगठा दाबून ती डोळे बारीक करून बसली होती.

"आई, काठीत तू वाजत होतीस?"

"हो."

"आणि आजोबांच्या पायात पण तूच?"

तिने मोजा टाचेवरून वर ओढला. गार पाऊल आत गेलं.

"हो गं."

गुंडीने थोडा विचार केला.

"मग आजोबांचं कधी थांबलं?"