शनिवारची स्वस्त बाटली

"अहो काका, दार उघडा! काय जाळताय?"

त्याने दार उघडलं. शेजारीण त्याला बाजूला सारून सरळ स्वयंपाकघरात गेली आणि तिने गॅस बंद केला. कढईतल्या कांद्याचा कोळसा झाला होता. कढईकडे पाठ करून तो इतका वेळ टेबलाशी बटाटे सोलत बसला होता.

"जिना भरला धुराने, आणि तुम्हाला वास नाही आला?"

"सर्दी झालीये."

"या उन्हाळ्यात?" तिने खिडकी उघडली. "काकू असत्या तर चांगली हजेरी घेतली असती तुमची."

ती गेल्यावर त्याने कढई घासायला घेतली. सर्दी वगैरे काही नव्हती. गेली बारा वर्षं त्याला कसलाच वास येत नव्हता. त्याने तीस वर्षं लाकडाला पॉलिश मारलं, तेही बंद खोलीत, तोंडाला रुमाल बांधून. एका हिवाळ्यात नाक चोंदलं. पुढे ते मोकळं झालं, पण वास काही परत आला नाही. हे त्याने कोणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

सांगणार तरी कसं? तिचा सगळा आठवडा शनिवारच्या बाटलीवर चालायचा. ती शिंप्याच्या दुकानात कपडे दुरुस्त करायला बसायची. शनिवारी सुटली की शेजारच्या वाइनच्या दुकानात शिरायची आणि सगळ्यात खालच्या फळीवरची एक बाटली घेऊन यायची. जेवायला उकडलेले बटाटे, अंडी, कधी मसूर, आणि पाव. "राजा तरी याहून वेगळं काय खातो?" असं म्हणायची. मग त्याच्या ग्लासात दोन बोटं वाइन ओतायची, हनुवटीखाली हात ठेवायची आणि विचारायची, "हं, सांगा. वास कसा आहे?"

त्याला ती वाइन म्हणजे नुसतं आंबट पाणी. पण दिवसभर मान मोडून शिवून आलेल्या बाईला ते कसं सांगायचं? तो डोळे मिटून ग्लासात नाक घालायचा आणि थाप मारायचा. संत्र्याची साल. कोरी वही. भिजलेली लोकर. एकदा काहीच सुचेना, तेव्हा म्हणाला, कपड्यांच्या घडीत ठेवलेला साबण. ती मन लावून ऐकायची. त्याचं सांगून झाल्याशिवाय स्वतःच्या ग्लासला हात लावायची नाही.

हॉस्पिटलमधल्या शेवटच्या शनिवारी तिने डोळे उघडले आणि आधी विचारलं, "जेवलात का?" मग म्हणाली, "बाटली आणलीत? वास कसा होता?"

बाटली त्याने आणलीच नव्हती. तो म्हणाला, "उन्हात वाळलेल्या चादरीसारखा."

ती हसली आणि झोपली. सोमवारी गेली.

जाणाऱ्या माणसाशीही आपण खोटं बोललो, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. सात महिने तो ओट्याशी उभा राहूनच काहीबाही खात होता. टेबलाशी बसायची लाज वाटायची. आज मात्र त्याने ठरवलं होतं. ती करायची तसं जेवण करायचं, बाटली आणायची, टेबलाशी बसायचं आणि समोरच्या खुर्चीला खरं काय ते सांगून टाकायचं.

कांदा गेला, पण बटाटे होते. ते उकडून ठेवले आणि संध्याकाळी तो बाटली आणायला निघाला. त्या दुकानात तो पहिल्यांदाच शिरत होता. दुकानदारीण पन्नाशीची होती. चष्मा डोक्यावर चढवून ती खोकी फोडत होती.

"ताई, माझी बायको शेजारच्या शिंप्याकडे कामाला होती. ती न्यायची ती बाटली द्या."

"अगं बाई, त्या?" तिने कात्री खाली ठेवली. "पण त्यांची अशी एक बाटली नव्हती हो. दर वेळी वेगळी." मग तिने चष्मा डोळ्यांवर ओढला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे ते साबणवाले तुम्हीच! सोमवारी येऊन सगळं सांगायच्या मला. लोकर काय, वही काय. पोट धरून हसायचो आम्ही."

त्याचे कान तापले. खुर्चीला सांगायचं होतं ते तिथेच तोंडातून निघालं.

"ते सगळं खोटं होतं, ताई. मला वासच येत नाही. बारा वर्षं फसवलं मी तिला. अगदी शेवटपर्यंत."

दुकानदारीण हसायची थांबली.

"काका, त्यांना पहिल्याच महिन्यात कळलं होतं. त्यांनी ग्लासात व्हिनेगर ओतून तुमच्यापुढे ठेवलं. तुम्ही नाक घातलंत आणि म्हणालात, पिकलेली नाशपाती. मग माशी पडली म्हणून त्यांनी घाईघाईने ग्लास काढून घेतला."

ती माशी त्याला आठवली. त्याला तेव्हा ती काही दिसली नव्हती.

"मग बोलली का नाही कधी?"

"मला काय माहीत? एवढं मात्र आठवतं, मी त्यांना म्हणायची, जरा वर बघा, चांगल्या वासाची एखादी काढून देते. तर हात झटकायच्या. म्हणायच्या, 'स्वस्तातली कुठलीही द्या हो. वास घरी आमचे हे घालतात.'"